मुंबई ‘ब’ लागत नाही

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती, आणि त्याचा आवाज भरवशाने पोहोचेल असे क्षेत्र सभोवार तीस मैलांचे, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरांचे, धरले गेले होते. नकाशावर कंपास टेकवून हे वर्तुळ काढले, तर त्याची रेषा वसईची खाडी ओलांडून पुढे फारशी जात नाही. किल्ला, पापडी, नायगाव ही ठिकाणे तिच्या आत पण काठाशी येतात, आणि निर्मळ, आगाशी, विरार, अर्नाळा यांच्यापर्यंत जाता जाता ती हद्द संपत आलेली असते. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेला, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी मोठ्या रक्तपातानंतर घेतलेला आणि १८०२ च्या तहामुळे इंग्रजी इतिहासग्रंथांतही नाव टिकवून राहिलेला हा वसईचा मुलूख निरनिराळ्या सत्तांच्या सीमेवर वावरण्यास सरावलेला होता. नभोवाणीचा अंमल आला, तोही त्याला सीमेवरच ठेवून आला.

या भूगोलाचा परिणाम मोठा व्यावहारिक झाला. गिरगावात किंवा दादरला राहणाऱ्या हौशी गृहस्थास स्फटिकाचा खडा, त्याला टेकवलेले बारीक तारेचे टोक, एक वेटोळे आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्या सामग्रीवर, विजेचा एक थेंबही न खर्चता, मुंबई ऐकता येई. पण खाडीच्या उत्तरेस आलेला क्षीण संदेश आधी वाढवून घ्यावा लागे, आणि जो वाढवून घ्यायचा तो इतरांतून आधी नेमका निवडावा लागे. अर्थात ज्या यंत्रात व्हॉल्व्ह आहेत आणि ज्याचा केंद्र निवडणारा भाग, ज्याला पुढे सगळेच लोक ‘ट्यूनर’ म्हणू लागले, तो नीट जुळलेला आहे, असेच यंत्र येथे उपयोगाचे होते. भारतीय नभोवाणीचे इतिहास मी जेवढे चाळले आहेत, ते सर्व प्रक्षेपकाच्या बाजूने लिहिलेले आहेत: कोठे किती किलोवॅटचे केंद्र निघाले, कोण अधिकारी आले, कोणते कार्यक्रम गाजले. प्रक्षेपण होते म्हणून ते ऐकलेही जात होते, हे त्यांत गृहीत धरलेले असते. वसई तालुक्यासारख्या ठिकाणी हे गृहीत तपासून पाहिले की ध्यानात येते की, केंद्र आणि श्रोता यांच्यामध्ये एक तिसरा मनुष्य उभा होता. त्याच्या हाती डाख देण्याची तापलेली कांडी होती, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

दप्तरात नोंद होती ती परवान्यांची. पहिले केंद्र चालवणाऱ्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीला उत्पन्न मिळायचे ते मुख्यतः दरसाल दहा रुपयांच्या परवाना-शुल्कातून, ज्याचा शेकडा ऐंशी हिस्सा सरकार तिला देत असे. परंतु १९२७ च्या अखेरीस सगळ्या हिंदुस्थानात मिळून परवाने साडेतीन हजारांच्या आसपास आणि १९२९ अखेर आठ हजारांच्याही आत राहिले, आणि मार्च १९३० मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. पुढच्याच महिन्यात सरकारने हा कारभार आपल्या हाती घेतला, १९३३ मध्ये वायरलेस टेलिग्राफीचा कायदा करून विनापरवाना यंत्र जवळ बाळगणे हाच अपराध ठरवला, आणि १९३६ च्या जूनमध्ये या खात्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले. परवाना पोस्टाच्या कचेरीतून मिळे व मुदत संपली की तेथेच नवा करून घ्यावा लागे. ज्याने तो घेतला तो सरकारच्या हिशेबी श्रोता. त्याच्या घरातील यंत्र सहा महिने मुके पडले असले तरी तो श्रोता, आणि शेजारच्या ओटीवर बसून बातम्या ऐकणारी पंधरा माणसे मात्र कोठेच रुजू नाहीत. परवान्यांच्या आकड्यांवरून ऐकणाऱ्यांची संख्या काढू पाहणाऱ्या अभ्यासकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते.

आता ट्यूनर म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पुढील सर्व वृत्तांत त्याच्याभोवती फिरतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने सुपरहेटरोडाइन नावाची जी रचना सिद्ध केली, तीच पुढे घरगुती रेडिओत सार्वत्रिक झाली. तिच्यातील युक्ती अशी की, निरनिराळ्या केंद्रांचे निरनिराळे संदेश जसेच्या तसे वाढवत न बसता, यंत्राने स्वतःच आत एक लहर निर्माण करावी, ती येणाऱ्या लहरीत मिसळावी, आणि दोहोंच्या कंपनसंख्येतील वजाबाकी नेहमी एकच, बहुधा ४५५ किलोसायकल, येईल असे पाहावे. मग पुढची सर्व मंडले त्या एकाच संख्येसाठी पक्की जुळवून ठेवता येतात. मुंबईचे एखादे केंद्र १०४४ वर असेल, तर यंत्रातली लहर १४९९ वर हवी. आणि डायलचे बटण फिरवले की दोन्ही मंडले बरोबरीने सरकली पाहिजेत. हे काम करतो तो गँग कंडेन्सर: एकाच दांड्यावर बसवलेले, अर्धचंद्राकृती अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे दोन संच, जे स्थिर पत्र्यांच्या फटींतून त्यांना न शिवता आत-बाहेर होतात. पत्रे पूर्ण आत गेले की धारकता सर्वांत अधिक आणि कंपनसंख्या सर्वांत कमी. बाहेर आले की उलट. मध्यम लहरींचा पट्टा सुमारे ५३० पासून १६०० पर्यंतचा, म्हणजे तिपटीचा. कंपनसंख्या धारकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे धारकता नऊपट बदलावी लागते. आतल्या लहरीला मात्र ९८५ पासून २०५५ पर्यंतच, म्हणजे जेमतेम दुपटीने, सरकायचे असते. दोन्ही संच तर एकाच दांड्यावर. तेव्हा एकाची चाल तिपटीची आणि दुसऱ्याची दुपटीची व्हावी, म्हणून दुसऱ्याच्या वाटेत ‘पॅडर’ नावाचा आणखी एक कंडेन्सर घालावा लागतो, आणि दोहोंच्या डोक्यावर ‘ट्रिमर’ नावाचे बारीक पेच बसवतात. लहान मुलाचे बोट धरून चालणाऱ्या मोठ्या माणसाला जसे आपले पाऊल आखडते घ्यावे लागते, तशी ही तजवीज असते. आणि ती बिघडली की यंत्र एका टोकाला ऐकवते, दुसऱ्या टोकाला बधिर होते.

एका टोकाला बधिर होणे ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी.

१९३६ मध्येच बोरिवलीपर्यंत आलेली विजेची रेल्वे विरारपर्यंत पुढे गेली. मुंबईस नोकरीला जाणाऱ्या वसईकरांची ती सोय झाली, पण रेडिओवाल्यांच्या खातेवहीत ती एक नवी बाब ठरली. दीड हजार व्होल्टच्या त्या तारेवरून गाडीचा वरचा दांडा घसरत जाताना ज्या ठिणग्या उडत, त्यांची खरखर रुळांलगतच्या घरांतील रेडिओत शिरे. स्थानकापासून दूर, पश्चिमेच्या वाड्यांमध्ये, निर्मळ किंवा गासकडे, ही बाधा पोहोचत नसे. खरखर गाडीची की गँगची, हा निवाडा दुरुस्तीतला पहिला प्रश्न होऊन बसला, आणि त्याचे उत्तर मिळवण्याची रीत साधी होती: एरियल काढून टाकून बटण हळूहळू फिरवायचे. बटणाबरोबर खरखर आली तर दोष आतला. बटण स्थिर असतानाही आली-गेली आणि एरियल काढताच थांबली, तर यंत्र निर्दोष असून गुन्हेगार रुळावर आहे. असा निवाडा करून काहीही न उघडता रेडिओ परत करणारा मेकॅनिक प्रामाणिक समजावा. त्याच्या पैशांचे काय, हा प्रश्न मात्र या व्यवसायाने कधीच नीट सोडवला नाही. जेथे काही बदलले नाही तेथे काय द्यायचे, असे गिऱ्हाईक म्हणे, आणि ज्ञानाची किंमत वसूल करण्यापेक्षा एखादा व्हॉल्व्ह बदलल्याचे दाखवणे सोपे, असे व्यवसायातील कच्ची माणसे म्हणत.

युद्धकाळात परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले. त्याच काळात, ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत-बदलत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घालून तो बंद पाडला. यंत्रसामग्री पुरवल्याच्या आरोपावरून शिकागो रेडिओ या प्रसिद्ध कंपनीचे नानिक मोटवाने यांनाही पकडण्यात आले होते. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. मीटरांचे किलोसायकलमध्ये रूपांतर केले, तर हा आकडा सात हजार ऐंशीच्या आसपास येतो, आणि सहा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत पसरलेल्या त्या वेळच्या सामान्य लघुलहरी पट्ट्यावर त्याचे स्थान गँगचे पत्रे बरेचसे आत गेलेले असतात अशा बाजूस पडते. इतिहासाच्या पुस्तकात हा तपशील येणार नाही. पण ज्या यंत्राचे बंद बाजूचे टोक बधिर झाले होते, त्याच्या मालकास, तो कितीही निष्ठावंत असला तरी, ते केंद्र ऐकू येण्याचा संभव नव्हता.

युद्ध संपल्यावर लष्कराचे नको झालेले सामान बाजारात लोटले, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव पुढे डॉ. भडकमकर मार्ग झाले, रेडिओच्या सुट्या भागांची पेठ म्हणून नावारूपास आला. वसईचा मेकॅनिक सकाळच्या गाडीने ग्रँट रोडला उतरून व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर घेऊन दुपारपर्यंत परत येऊ शके, हा रेल्वेचा त्याच्यावर उपकार. त्या खरखरीची भरपाई, म्हणा हवे तर.

तथापि तालुक्यातील अनेक वाड्यांत वीज उशिरा गेली, आणि तोवर तेथे बॅटरीवरचेच रेडिओ होते. त्यांना नव्वद व्होल्टचा एक जड कोरडा पॅक लागे आणि व्हॉल्व्हच्या तंतूंसाठी दीड व्होल्टची वेगळी बॅटरी लागे. पुढील काळातील डी.के. ९६ सारखे व्हॉल्व्ह १.४ व्होल्टवर आणि अवघ्या २५ मिलिअॅम्पियरवर चालत, तरी बॅटरी शेवटी उतरायचीच. ती उतरू लागली की सर्व व्हॉल्व्ह एकदम मंद होत नाहीत. ज्याच्याकडे आतली लहर निर्माण करण्याचे काम आहे, तो पहिला व्हॉल्व्ह प्रथम हात टेकतो, आणि तोही आधी डायलच्या एकाच बाजूला. त्यामुळे आवाज मोठा आहे, शिट्टी नाही, खरखर नाही, पण अर्धी केंद्रे बेपत्ता, अशी चमत्कारिक स्थिती उद्भवे. मालक समजे की रेडिओ बिघडला; मेकॅनिक नवी बॅटरी जोडून दाखवी.

यानंतरचा, म्हणजे १९५० पासून पुढच्या वीस-बावीस वर्षांचा काळ, हा या व्यवसायाचा भरभराटीचा काळ. ठाण्यास मर्फीचा कारखाना होता, मुंबईत नॅशनल एको आणि बुश होते, फिलिप्सचे यंत्र तर घरोघरी ठाऊक. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने साठीच्या प्रारंभी रेडिओचे व्हॉल्व्हही काढण्यास सुरुवात केली. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. मुंबईची ‘वनिता मंडळ’, ‘कामगार सभा’, प्रभाकरपंत-मीनावहिनी-टेकाडे भावजींचे ‘पुन्हा प्रपंच’ ही नावे ज्यांना आजही पाठ आहेत, त्यांना हा काळ निराळा सांगण्याची गरज नाही.

आणि याच काळात, मला या सर्व वृत्तांतात सर्वांत मार्मिक वाटणारी ती तक्रार रूढ झाली: “बाकी सगळे लागते, मुंबई ‘ब’ लागत नाही.”

या तक्रारीमागचे कारण कार्यक्रमांत नसून भौतिकशास्त्रात होते. मुंबई ‘ब’, ज्यावर मराठी कार्यक्रम असत, ते केंद्र साडेपाचशेच्या जरा पुढे, आजच्या मोजणीने ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे डायलच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला, जेथे गँगचे पत्रे पूर्ण मिटण्याच्या बेतात असतात तेथे होते; मुंबई ‘अ’ १०४४ च्या आणि विविध भारती ११८८ च्या आसपास, म्हणजे पत्रे बरेचसे उघडलेल्या बाजूला. पाच व्हॉल्व्हच्या सामान्य यंत्रातील पहिला व्हॉल्व्ह, बहुधा ई.सी.एच. ८१, मिसळण्याचे आणि लहर निर्माण करण्याचे अशी दोन्ही कामे करी. पत्रे मिटलेल्या टोकाला धारकता वाढल्याने लहर टिकवण्यास व्हॉल्व्हला अधिक जोर लावावा लागतो. व्हॉल्व्ह वयपरत्वे थकला, किंवा त्याला वीज पुरवणारा रोधक वाढून बसला, म्हणजे उघड्या टोकाला लहर चालू राहते आणि मिटल्या टोकाला ती एकदम विझते. याचा अर्थ असा की, थकत चाललेल्या यंत्रातून हिंदी गाणी वाजत राहत आणि मराठी तेवढी नाहीशी होई. भाषाभिमानी मनुष्याला यात कारस्थान दिसावे अशी ही घटना आहे. मेकॅनिकला त्यात बदलण्याजोगा एक व्हॉल्व्ह दिसे.

तो शोध कसा लागे, हे पाहण्यासारखे आहे, कारण तालुक्याच्या दुकानात सिग्नल जनरेटर सहसा नसे. असे ते एक मीटर, एक स्क्रू-ड्रायव्हर, डाख देण्याची कांडी आणि मेकॅनिकचे स्वतःचे बोट. प्रथम मागच्या मंडलांची परीक्षा: आवाज-नियंत्रकाच्या मधल्या टोकाला बोट लावले की कर्ण्यातून ‘गुंऽ’ असा आवाज उठला पाहिजे; उठला, तर शेवटचे दोन व्हॉल्व्ह आणि कर्णा निर्दोष. (हा प्रयोग यंत्रात ट्रान्सफॉर्मर आहे याची खात्री करूनच करायचा; ए.सी.-डी.सी. जातीच्या यंत्रांची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असते.) मग मधल्या, म्हणजे ४५५ ची वजाबाकीची लहर वाढवणाऱ्या आय.एफ.च्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवायचे. खट् असा स्वच्छ आवाज आला की तेथपर्यंतही वाट मोकळी. दोष राहिला तो पहिल्या व्हॉल्व्हपाशी, म्हणजे ट्यूनरमध्ये. येथे एक अत्यंत सुरेख युक्ती योजली जाई. दुकानातला चालू रेडिओ विविध भारतीवर लावून आजारी रेडिओच्या शेजारी ठेवायचा, आणि आजारी रेडिओचा काटा हळूहळू ७३३ च्या आसपास फिरवायचा. आजारी यंत्रातील लहर जिवंत असेल, तर त्या ठिकाणी ती ७३३ अधिक ४५५, म्हणजे बरोबर ११८८ वर येते, आणि चालू रेडिओतील गाण्यावर एक शीळ उमटून सरकत जाते. शीळ आली तर ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारे मंडल, जिवंत. न आली तर मृत. एका रेडिओने दुसऱ्याची नाडी पाहण्याचा हा प्रकार कोणत्याही उपकरणावाचून साधे, आणि तो ज्याला ठाऊक, तो मेकॅनिक पाठांतराने शिकलेला नसून समजून शिकलेला आहे, असे खुशाल मानावे.

लहर मृत आहे असे ठरल्यावर व्हॉल्व्ह बदलून पाहायचा. तेवढ्याने काम झाले नाही, तर वसईत दुसरा संशय हवेवर जाई. तीन बाजूंना समुद्र व खाड्या, मध्ये मिठागरे, आणि जून ते सप्टेंबर भिंतींना ओल. या हवेचे मीठ यंत्रात मागच्या पुठ्ठ्याच्या छिद्रांतून शिरे आणि जेथे तांबे किंवा पितळ उघडे सापडेल तेथे हिरवा कळंक धरे. ऑसिलेटर कॉइलची तार केसाइतकी बारीक. तिला टोकाच्या डाखापाशी हिरवा ठिपका दिसला की तार आतून तुटलेली समजावी. बँड बदलणाऱ्या स्विचचे चांदीचा मुलामा दिलेले संपर्क काळे पडत, आणि स्विच दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवला की रेडिओ तात्पुरता बोलू लागे. घरातल्या पोरांनाही हा उपाय माहीत असे, आणि त्यालाच ते दुरुस्ती म्हणत. गँगच्या दांड्याला चासीशी जोडणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. त्यांच्याखाली कळंक साचला म्हणजे बटण फिरवताना खरखर होई आणि केंद्र लागले तरी आपल्या जागी ठरत नसे. मेण लावलेले कागदी कंडेन्सर ओल शोषून झिरपू लागत. गँग ज्या रबरी गाद्यांवर बसवलेला असतो, त्या कडक झाल्या की कर्ण्याचा कंप पत्र्यांना पोहोचून पत्रे थरथरत आणि रेडिओ आपण होऊन घुमू लागे. हा दोष व्हॉल्व्हमध्ये शोधणारे कित्येक व्हॉल्व्ह व्यर्थ बदलत. पत्र्यांच्या फटीत झुरळाची अंडी, डायलच्या मेणाळलेल्या दोरीवर उंदराचे दात, या गोष्टी तर नित्याच्या. पावसाळ्यात रेडिओ रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा, व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओल हटते, असा सल्ला जाणता मेकॅनिक देई, आणि तो शास्त्रशुद्ध होता.

डायलची दोरी हा एक स्वतंत्र अध्याय आहे. बटणाच्या दांड्यावरून निघून, दोन-तीन कप्प्यांना वळसे घालून, गँगच्या मोठ्या चाकावर गुंडाळून, काट्याला पोटाशी धरून ती परत येते, आणि तिचा मार्ग प्रत्येक कंपनीचा, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलचा, निराळा असतो. तुटलेली दोरी काढून फेकण्यापूर्वी तिचा नकाशा काढून ठेवला नाही, तर एक दुपार गेलीच म्हणून समजावे. जाळ्याच्या दोऱ्याला जेथे कधी तोटा नव्हता, अशा या किनाऱ्यावरही तो दोरा या कामाला चालत नसे, कारण नायलॉन ताणाखाली लांबतो आणि चाकावर घसरतो. मग काटा एका केंद्रावर आणि गँग दुसऱ्यावर, अशी फारकत होते. ‘काटा पुण्यावर, आवाज अहमदाबादचा’ या तक्रारीत बहुधा दोष एवढाच असे.

शेवटी जुळवणी, ज्याला मेकॅनिक ‘अलाइनमेंट’ म्हणत. पुस्तकाप्रमाणे ती जनरेटरने ६०० आणि १४०० या खुणांवर करायची. वसईत केंद्रांनाच खुणा मानून करीत. मिटल्या टोकाला मुंबई ‘ब’ आणून कॉइलचा गाभा किंवा पॅडर फिरवायचा, उघड्या टोकाला विविध भारती आणून ट्रिमर, आणि पुन्हा पहिल्या टोकाला यायचे, कारण एक टोक हलवले की दुसरे थोडे सरकतेच. परंतु मुंबईचे प्रक्षेपक मालाडला, खाडीपलीकडे, वसईपासून वीस किलोमीटरांच्या अंतरावर येऊन बसल्यापासून या पद्धतीत एक मेख निर्माण झाली: संदेश आता इतका बलवान झाला की, चुकीच्या जुळवणीतही मुंबई मोठ्याने वाजे, आणि आपोआप आवाज सांभाळणारे मंडल ती चूक झाकून टाकी. १९२७ मध्ये ज्या मुलखाला मुंबई पुरेशी ऐकू येत नव्हती, त्याला आता ती गरजेपेक्षा अधिक ऐकू येऊ लागली. म्हणून चोखंदळ कारागीर शेवटची कसोटी क्षीण केंद्रांवर घेई: सह्याद्रीपलीकडचे पुणे ७९२ वर, अहमदाबाद ८४६ वर, आणि रात्री राजकोट ८१० वर. संदेशाचे बळ दाखवणारा ‘मॅजिक आय’ असलेल्या यंत्रात हिरव्या पट्ट्या जेथे सर्वांत जवळ येतात तेथे ट्रिमर थांबवायचा. नसलेल्या यंत्रात कानाने.

लघुलहरींविषयी फार लिहीत नाही, कारण रेडिओ सिलोन आणि अमीन सायानींची १९५२ पासूनची ‘बिनाका गीतमाला’ यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढेच नमूद करतो की सिलोन २५ आणि ४१ मीटरवर येई, आणि व्हॉल्व्ह थकला की २५ राही व ४१ जाई. कारण ४१ मीटरचा पट्टाही गँगच्या मिटल्या बाजूसच आहे. काँग्रेस रेडिओ, मुंबई ‘ब’, सिलोनचा ४१ मीटर: जे-जे ऐकण्याची तळमळ होती, ते त्या एकाच टोकाला येऊन बसावे, हा योगायोग खरा, पण त्या योगायोगावर कित्येक मेकॅनिकांचे संसार चालले.

व्यवसाय ओसरला तो गाजावाजा न होता. साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर आले. त्यांना तापण्याची प्रतीक्षा नव्हती, नव्वद व्होल्टचा पॅक नव्हता, आणि अर्नाळ्याचा किंवा पाचूबंदरचा कोळी तो होडीत नेऊ शके, जे व्हॉल्व्हच्या रेडिओस कधीच साधले नसते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि मेकॅनिकांच्या पाट्यांवर ‘रेडिओ’ शब्दानंतर ‘टी.व्ही.’ हा शब्द आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास परवान्याची पद्धतही सरकारने रद्द केली, आणि पोस्टातल्या त्या नोंदी निरर्थक झाल्या. पुढे २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि घरे पाडताना माळ्यावरून उतरवलेले लाकडी रेडिओ भंगारात गेले किंवा हौशी संग्राहकांच्या हाती पडले.

या संग्राहकांपैकी जे यंत्र नुसते शोभेला न ठेवता वाजवू पाहतात, त्यांच्यापुढे आज जुन्या मेकॅनिकाहून निराळी अडचण आहे. व्हॉल्व्ह अजून मिळतात, कारण ते मोजक्याच जातींचे बनत आणि साठे शिल्लक राहिले. कागदी कंडेन्सरांच्या जागी पॉलिएस्टरचे बसवावेत, आणि ते यंत्रात वीज सोडण्यापूर्वीच बसवावेत. कॉइल पुन्हा गुंडाळता येते. पण त्या-त्या मॉडेलच्या मापाचा, त्याच चाकाचा आणि त्याच दांड्याचा गँग आता कोणी नवा करीत नाही. म्हणून तो बदलण्याच्या गोष्टी सोडून तो वाचवण्याकडेच लक्ष द्यावे लागते. पत्रे पूर्ण मिटवूनच तो चासीवरून उतरवावा, म्हणजे हिसका बसून फिरते पत्रे वाकत नाहीत. धूळ मऊ कुंचल्याने काढावी. दांड्याच्या स्प्रिंग-पट्ट्यांखालचा कळंक स्पिरिटने धुऊन तेथे तेलाचा अगदी बारीक थेंब द्यावा, पत्र्यांवर मात्र तेल कदापि नको. पत्रे कोठे शिवतात ते पाहण्यासाठी कॉइलची तार सोडवून, मीटर रोध मोजण्याला लावून दांडा सावकाश फिरवावा. काटा जेथे उडेल तेथील पत्रा जाड कागदाच्या पट्टीने अलगद मधोमध आणावा, पक्कड वापरू नये. बाहेरच्या पत्र्यांना कारखान्यातच ज्या चिरा पाडलेल्या असतात, त्यांचे फाटे काही ठिकाणी वाकलेले दिसले, तर ते सरळ करण्याचा मोह आवरावा: दोन्ही संचांची चाल डायलच्या प्रत्येक भागात जमावी म्हणून ते कारखान्यात मुद्दाम तसे वाकवलेले असतात. एवढे करून गँग परत बसवला, दोरी घातली आणि ई.सी.एच. ८१ चांगला असला, की काटा उजवी-डावीकडे जेथे कोठे साडेपाचशेची खूण असेल तेथपर्यंत न्यावा, आणि केंद्र चालू असेल त्या वेळी मुंबई ‘ब’ लागते का ते आधी पाहावे. ते लागले तर बाकीची लागतात.